श्वासाची वाट पाहणाऱ्या अक्का

अक्कांची आणि माझी ओळख आधी आवाजाची. मी तेव्हा देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एकदा दुपारच्या पाळीला उशीर झाला म्हणून जिना धावतच चढले, हेडफोन कानाला लावला आणि समोरचा पहिला कॉल घेतला. पलीकडून एका बाईंचा ठणठणीत आवाज आला, "धारला कॉल लावून द्या." मी नंबर विचारला. त्या सांगेनात. लाइन तुटली की काय असं वाटेपर्यंत गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही आत्ताच जिना चढून आलात ना? आधी श्वास घ्या पुरता. कॉल मागाहून लावा. घाई कशास?"

दिवसभर आमच्या कानावर लोक ओरडत असत. कोणाचा कॉल लागत नसे, कोणाचा मधेच तुटत असे, आणि त्या सगळ्याला आम्हीच जबाबदार. माझ्या श्वासाची चौकशी करणारं असं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. नाव विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर मालती पोतनीस. दवाखान्यात भूल देते. लोक अक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा."

पोतनीस मूळचे धारचे. आजोबा धार दरबारच्या खजिन्यावर होते. संस्थान गेलं, दरबारच्या नोकऱ्या गेल्या, घरात उरली ती जुनी मराठी. आम्ही महाराष्ट्रातून कारखान्यांच्या मागे देवासला आलेली माणसं. आमच्या कानाला अक्कांचं बोलणं आजीच्या काळातलं वाटे. 'कशाला' म्हणायचं तिथे त्या 'कशास' म्हणत, 'नंतर'ला 'मागाहून' म्हणत. आणि त्याच वाक्याच्या शेपटाला वॉर्डबॉयला सांगत, "भिया, पलंग जरा खिसकाव." लग्न केलं नव्हतं. धारला धाकटे भाऊ वकिली करत, त्यांना आठवड्यातून एकदा फोन. तो बहुतेक माझ्याच पाळीत येई, आणि लाइन मिळेपर्यंत आमचं दोन शब्द बोलणं होई. त्यांचा चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता.

पाहिला तो एका हळदीकुंकवाला. उंच, सडसडीत, केस मागे घट्ट बांधलेले, पांढऱ्यावर बारीक ठिपक्यांची सुती साडी. बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या आणि ह्या बाई कोपऱ्यात बसून एकेकीच्या छातीकडे बघत होत्या. यजमानीणबाईंच्या सासूबाईंना त्यांनी हळूच विचारलं, "आजी, उशा किती घेता निजताना? हल्ली एक जास्तीची लागते का?" आजींनी मान हलवली. "उद्या दवाखान्यात या," अक्का म्हणाल्या, आणि मग कुंकू लावून घेतलं.

ही सवय त्यांना कशी लागली ते त्यांनी मला फार पुढे सांगितलं. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी कुक्षीला काढली. तिथे एका शेतमजुराला मण्यार चावली. सर्व अंग लुळं पडलं, पापण्या उघडेनात, श्वास बंद झाला. दवाखान्यात श्वास देणारं मशीन नव्हतंच. होता एक रबरी फुगा, हाताने दाबायचा. एका बाजूने हवा घेतो, दुसऱ्या बाजूने नळीतून रोग्याच्या छातीत सोडतो. त्याला सगळे नुसतं बॅग म्हणत. अक्का ती दाबत बसल्या. हात भरून आले तेव्हा त्या माणसाच्या भावांना शिकवलं, ते दमले की परत स्वतः घेतली.

"दुसऱ्या दिवशी दुपारी माझा हात इतका थकला होता की दोन दाबांमध्ये फार वेळ जाऊ लागला," त्या म्हणाल्या. "आणि त्या मधल्या वेळात त्याचं पोट जरासं हललं. मी थांबले. पुन्हा हललं. सुधाबाई, तो श्वास घेत होता, कधीपासून कोण जाणे, आणि मी त्याच्या श्वासावर माझा श्वास दाबत बसले होते. मी ताजीतवानी असते तर मला ते कळलंच नसतं."

तेव्हापासून त्यांचं एक ठरलेलं वाक्य झालं. नर्सना, नव्या डॉक्टरांना, नातेवाइकांना त्या ते ऐकवत. "श्वास ज्याचा त्याचा. आपण नुसता हात द्यायचा."

हे वाक्य एक दिवस माझ्याच वाट्याला येईल असं मला कुठे ठाऊक होतं.

ऐंशीच्या पुढच्या एका हिवाळ्यात मला जुलाब झाले. ते थांबले, आणि थोड्याच दिवसांत पायांना मुंग्या येऊ लागल्या. एक्स्चेंजचा जिना चढताना गुडघे आपोआप दुमडले. दुसऱ्या दिवशी बोर्डावरची पिन उचलून भोकात बसवता येईना. बोटं माझी, पण ती माझं ऐकेनात. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, कारखान्यातल्या कोणाची जीप आणली आणि मला दवाखान्यात नेलं.

अक्का आल्या आणि नेहमीप्रमाणे पलंगाच्या पायाशी उभ्या राहिल्या. नाडी धरली नाही, काही विचारलं नाही. हे अस्वस्थ झाले. "डॉक्टर, काहीतरी करा ना." "करतेच आहे," त्या म्हणाल्या, "बघते आहे." मग माझ्याजवळ आल्या. "सुधाबाई, तुमच्या बोर्डावर जी गावं येतात ती एका दमात म्हणा बरं." मी म्हणू लागले. इंदूर, उज्जैन, सोनकच्छ, पीपलरावां, धार, अमझेरा, कुक्षी. सकाळी मी कुक्षीपर्यंत पोचले. दुपारी धारच्या आधीच दम संपला. दुसऱ्या सकाळी उज्जैन म्हणताच थांबावं लागलं, आणि आवाजही कुजबुजल्यासारखा झाला.

"घशात घालायची नळी तयार ठेवा," अक्कांनी नर्सला सांगितलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. "घाबरू नका. तुमच्या नसांना सूज आली आहे, म्हणून स्नायू संपावर गेलेत. कारखान्यातले संप मिटतात ना, तसा हाही मिटतो. मिटेपर्यंत तुमचं काम आम्ही चालवू."

इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात श्वासाचं मशीन होतं. देवासहून इंदूरपर्यंत अक्का मला जीपमधून घेऊन गेल्या. घशात नळी, नळीला बॅग, बॅग अक्कांच्या हातात. ह्यांच्या खात्यातले फिटर काळूराम ऑक्सिजनचं सिलिंडर मिठीत धरून बसले होते. मला हात-पाय हलवता येत नव्हते, पापण्याही जेमतेम उघडत होत्या, पण मी पूर्ण शुद्धीवर होते. ही गोष्ट अक्कांशिवाय कोणाच्या लक्षात आली नव्हती. रस्ताभर त्या माझ्याशी बोलत होत्या. "आता शिप्रेचा पूल आला. पाणी आहे बऱ्यापैकी. आता समोर बैलगाडी आहे, म्हणून थांबलोय. काही अडचण नाही." बाहेर काय चाललंय ते कळत होतं म्हणून मला भीती कमी वाटत होती. असा विचार त्यांना कसा सुचला असेल?

इंदूरला पोचल्यावर माझ्या दोन्ही फुफ्फुसांना न्यूमोनिया झाला. मशीन लहान पेटीएवढं होतं, ऑक्सिजनच्या दाबावर चालायचं, खटक करून हवा आत ढकलायचं आणि फुस्स करून सोडायचं. नसांची सूज थोडी उतरू लागली होती. माझा स्वतःचा श्वास अधूनमधून उचकीसारखा येई. पण माझा श्वास आणि मशीनचा श्वास एकमेकांवर आदळत. घरात दोन माणसं एकाच दारातून एकाच वेळी आत-बाहेर करायला लागली म्हणजे जसं होईल तसं. छाती फुटेल असं वाटे.

तिथले मोठे डॉक्टर अक्कांचे गुरू. सुटीच्या दिवशी अक्का देवासहून बसने आल्या तेव्हा दोघांचं माझ्या उशाशी बोलणं झालं. मला सगळं ऐकू येत होतं.

"मालती, ही मशीनशी भांडते आहे. औषध देऊन तिला पूर्ण निजवायचं, स्नायूही सैल करायचे, असं मी ठरवलंय."

"सर, ती भांडत नाही. ती श्वास घेते आहे. तो बंद कशास करायचा? श्वासाचा स्नायू एकदा काम विसरला तर परत शिकवायला किती दिवस जातील."

"ते मला मान्य आहे. पण हा फोटो बघ. दोन्ही फुफ्फुसं पांढरी झालीत. आत्ता ती जेवढी ओढाताण करील तेवढी ती आणखी फाटतील. दुखऱ्या पायाने चालायला लावतेस का कोणाला?"

अक्कांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. बराच वेळ बघितला. मग माझ्या छातीकडे तेवढाच वेळ बघितलं. त्या हट्टी होत्या, सगळ्या दवाखान्याला ते माहीत होतं. मला वाटलं, आता वाद वाढणार.

"निजवा, सर," त्या म्हणाल्या. "माझं चुकत होतं."

आणि वाकून माझ्या कानाशी आल्या. "सुधाबाई, काही दिवस तुम्ही काहीही करायचं नाही. श्वाससुद्धा नाही. तो आम्ही ठेवून घेतो. मागाहून तुमचा तुम्हाला परत देईन, हा माझा शब्द."

पुढे कधी ही गोष्ट निघाली की अक्का सरांचं नाव आदराने घेत. "मी कुक्षीचा धडा शिकले होते, पण सगळीकडे तोच लावायला निघाले होते. फुफ्फुस पेटलेलं असताना विसावा हवा, विझल्यावर काम हवं. केव्हा काय, हे ओळखण्यातच सगळी डॉक्टरी आहे."

ते दिवस माझ्या आयुष्यातून गेलेच. जागी झाले तेव्हा गळ्याला समोरून भोक पाडून तिथे नळी बसवली होती. घसा मोकळा, पण आवाज नाही, कारण हवा आवाजाच्या जागेपर्यंत पोचतच नव्हती. फुफ्फुसं निवळली होती. हात जरासे हलत. माझी मेधा तेव्हा चार वर्षांची होती, सासूबाईंजवळ देवासला. तिला आणायची परवानगी नव्हती. मी छताकडे बघत मशीनचं खटक-फुस्स ऐकत पडून असे.

मग एक धनुर्वाताचा तरुण रोगी आला. त्याला मशीन लागणार होतं, आणि मशीन एकच होतं. मोठ्या डॉक्टरांनी कोणाला काही म्हटलं नाही, पण ह्यांना ते कळलं, आणि अक्कांनाही कळलं. अक्का ह्यांना म्हणाल्या, "मधुकरराव, सुधाबाईंना आता मशीनपेक्षा माणसं जास्त उपयोगी पडतील. मी त्यांना देवासला नेते. बॅगवर ठेवू. त्यांच्या श्वासाला जेवढी मदत हवी तेवढीच द्यायची, आणि रोज थोडी थोडी काढून घ्यायची."

"आणि नाही जमलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर माझे हात आहेत."

"ते थकले तर?"

"तर तुमचे आहेत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलता येत नव्हतं, मान हलवता येत होती. मी ती हलवली. धाडस म्हणून नव्हे. मला घरी जायचं होतं.

देवासच्या दवाखान्यात त्यांनी मला खिडकीजवळची खोली दिली आणि माणसं गोळा केली. ह्यांच्या कारखान्यातले लोक पाळी सुटली की येत, एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणी येत, शेजारी येत. अक्का प्रत्येकाला आधी हात धुवायला लावत आणि मग शिकवत. बॅग हातात देण्याआधी नुसतं बघायला बसवत. "हिच्या पोटाकडे बघा. उचललं की समजायचं, ही निघाली. मग हळूच हात द्यायचा, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला देतो तसा. ओढायचं नाही. ती थांबली तर थोडी वाट बघायची. फारच थांबली तर आपण एक द्यायचा." ज्यांना मराठी येत नसे त्यांना म्हणत, "भिया, उसकी साँस का रस्ता देखो. वो चले तो धक्का देना, पहले नहीं."

त्या दिवसांत मला एक विचित्र गोष्ट कळली. डोळे मिटूनही कोणाचा हात बॅगवर आहे ते मला समजायचं. काळूराम घरी गाई-म्हशींची धार काढणारे, पीपलरावां गावचे. त्यांचा हात संथ होता, एकसारखा. त्यांच्या पाळीत मला झोप लागे. माझी मैत्रीण निर्मला गप्पांत रंगली की बॅग दाबायचं विसरे, आणि माझी धांदल उडे. अक्कांनी एकदा ते दारातून बघितलं. "निर्मलाबाई, तुमच्या गप्पांमुळे हिला व्यायाम होतो," त्या म्हणाल्या, "पण एवढा नको हो."

सगळ्यांत कठीण होता तो ह्यांचा हात. मी श्वास घ्यायला निघाले की त्याआधीच ह्यांची बॅग दाबली जाई. मोठा, भरगच्च श्वास, लगेच दुसरा, लगेच तिसरा. मला माझा घेण्याची जागाच उरत नसे. हे रात्रंदिवस कारखाना, मेधा आणि मी यांच्यात पळत होते. माझ्यात जितकी हवा भरता येईल तितकी भरून ठेवावी असं त्यांना वाटत होतं. मी डोळ्यांनी सांगू बघे, पण त्यांना ते दुखणं वाटे, आणि ते आणखी जोरात दाबत.

अक्का एक दिवस ह्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काही वेळ बघितलं. मग ह्यांच्या हातांवर आपले हात ठेवले.

"मधुकरराव, सुधाबाई घाबरलेल्या नाहीत. तुम्ही घाबरलायत. जरा हात सैल करा."

"मी थांबलो आणि तिने नाही घेतला तर?"

"घेईल. बघा तरी."

ह्यांच्या हातांवर त्यांचे हात होते आणि दोघेही थांबले होते. माझं पोट उचललं गेलं. "आता," अक्का म्हणाल्या. चार हातांनी मिळून हलकासा दाब आला. तो श्वास मला अजून आठवतो. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, पण ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग बॅग काढून ठेवण्याचे दिवस आले. सकाळी अंग पुसून झालं की अक्का बॅग सोडवून स्वतःच्या मांडीवर घेत आणि खुर्चीत बसत. "आता तुमचा तुम्ही." सुरुवातीला मला वाटे, विहिरीत सोडलंय. छाती भरतच नसे, कानात घण पडत, घाम फुटे. मी डोळ्यांनी बॅग मागे. त्या देत नसत. शांतपणे माझ्या पोटाकडे, ओठांकडे, नखांकडे बघत बसत. मी त्यांचा तेव्हा मनापासून राग केला आहे. इतका, की त्या दारात दिसल्या की मी तोंड भिंतीकडे वळवी. त्यांनी ते पाहिलं. "वळवा, वळवा," म्हणाल्या, "मान वळायला लागली, चांगलंच आहे."

पण ओठांचा रंग बदलतोय असं वाटताच बॅग क्षणात नळीला लागलेली असे. एकदा असं झाल्यावर मला रडू आलं. आवाज नव्हता, नुसते ओघळ. अक्कांनी पदराने ते पुसले. "हरला नाहीत. दमलात. दोन्ही निराळं असतं. उद्या बघू."

एका दुपारी त्या नेहमीसारख्या मांडीवर बॅग घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून दोन ऑपरेशनं आटोपून आलेल्या. दाराशी काळूराम डबा खात होते. मी माझा श्वास घेत होते, एक, मग पुढचा. थोड्या वेळाने बघते तर अक्कांचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. मी घाबरले. हाक मारायला आवाज नाही. काळूरामांची पाठ माझ्याकडे. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी अक्कांकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यावरचा पदर वर होत होता, खाली येत होता. तो वर गेला की मी घेई, खाली आला की सोडी. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं. चहावाला आला, त्याच्या कपांचा आवाज झाला, आणि त्यांनी डोळे उघडले.

माझ्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "मी निजले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले होते नुसते."

काळूराम हसू दाबत म्हणाले, "अक्काजी, खर्राटे तो हमने सुने."

"तुमने कुछ नहीं सुना, भिया," अक्का म्हणाल्या, आणि बॅग उशाशी ठेवून दिली. त्या दिवसापासून दिवसा मला बॅग लागली नाही. काही दिवसांनी रात्रीचीही सुटली. त्या खरंच झोपल्या होत्या की नाही, हे मी पुढे अनेकदा विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर तेच.

गळ्यातली नळी काढायच्या आधी त्यांनी तिच्या तोंडावर बोट ठेवायला शिकवलं, म्हणजे हवा वर जाते आणि आवाज फुटतो. खोलीत हे होते, मेधा होती, निर्मला तिच्या नणंदेची हकीकत सांगत होती. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "निर्मला, गप." तो माझा पहिला शब्द. निर्मला खरोखर गप्प झाली, मग तीच सगळ्यांत आधी रडायला लागली. अक्का म्हणाल्या, "आवाज अजून बेसूर आहे, पण हुकूम बरोबर आहे."

पुढे हात-पाय यायला खूप महिने गेले. पण मी बोर्डावर परत बसले, जिना परत चढले. अक्का आमच्या घरच्याच झाल्या. रविवारी आमटी-भात खायला येत, मेधाला 'अहो मेधाबाई' म्हणत. एकदा मी त्यांच्यासाठी माहेश्वरी साडी आणली. त्यांनी घडी उलगडून पाहिली, खूप आवडली हे दिसत होतं, तरी म्हणाल्या, "ही कशास? श्वास तुमचाच होता. मी ठेवून घेतला असता तर गोष्ट वेगळी." साडी मात्र नेसल्या.

त्यांच्याजवळ सगळेच वाचत नसत. इंदूरच्या त्या धनुर्वाताच्या तरुणाबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मशीन मिळालं. वेळेवर मिळालं. तरी नाही राहिला." रोगी गेला त्या दिवशी संध्याकाळी एकट्या टेकडीच्या पायऱ्या चढून देवीला जात आणि अंधार पडायच्या आत उतरत. खाली आल्यावर मात्र थेट वॉर्डात शिरत आणि जे आहेत त्यांच्या पायाशी उभ्या राहत. एकदा मीही बरोबर गेले होते. वर पोचल्यावर मला धाप लागली. त्यांनी ऐकून घेतली. "चांगली आहे," म्हणाल्या. "कमावलेली धाप आहे."

निवृत्त झाल्या आणि त्या धारला भावाकडे गेल्या. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी पूजेची फुलं काढताना त्यांचं हृदय थांबलं. काही करायला कोणाला अवकाशच मिळाला नाही. त्यांच्या भावाने, भाऊसाहेबांनी, कळवलं, आणि तेराव्याला हे आणि मी धारला गेलो.

भाऊसाहेब दारात उभे होते, गोंधळलेले. अंगणात आणि ओसरीवर माणसं बसली होती, आणि त्यांतली निम्मी त्यांना ठाऊक नव्हती. कोणी कुक्षीकडचे, कोणी अमझेऱ्याचे, पागोटी घातलेले, काही देवासच्या कारखान्यांतले. "अक्कांनी घरी कधी काही सांगितलं नाही," ते ह्यांना म्हणत होते. "मी विचारतो, आपण कोण, तर प्रत्येक जण नुसतं हात जोडतो."

मी बायकांत जाऊन बसले. माझ्या शेजारी लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेली एक बाई होती, माझ्याच वयाची, अमझेऱ्याकडून आलेली. उन्हाने मला गरम झालं म्हणून मी गळ्यावरचा पदर जरा बाजूला केला. ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघू लागली. त्या भोकाची खूण, बोराएवढी, आत ओढलेली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, हळूच आपला पदर सरकवला आणि मान वर केली. तिच्या गळ्यालाही तशीच.

"तमारे बी?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला माझी मराठी कळत नव्हती, मला तिची माळवी अर्धीमुर्धी. पानं मांडली तेव्हा आम्ही शेजारी बसलो. भाऊसाहेब स्वतः वाढत होते. भात घेताना ती माझ्या कानाशी आली.

"बई लड़ती घणी थी," ती म्हणाली. म्हणजे, बाई फार भांडायच्या.

"माझ्याशी पण," मी म्हटलं.

आणि त्या तेराव्याच्या पंगतीत, लोक काय म्हणतील याचा विचार न करता, आम्ही दोघी पदरात तोंड लपवून पोटभर हसलो.